बापाले शुल्क पाहिजे, पोराले नको

आर्णी तालुक्यातल्या एका गावातून पत्र आलंय. लिहिणारा २७ वर्षांचा, कृषी केंद्रावर कामाला, घरी कापसाचं वावर. पत्र लांबलचक आहे, सगळं छापत नाही, मुख्य तेवढं त्याच्याच शब्दांत देतो.

"काका, रात्री जेवणं झाली की मी मिनिएचर रंगवतो. २८ मिलिमीटरच्या फिगर, म्हंजे अंगठ्याच्या पेराएवढे शिपाई, घोडेस्वार, राक्षस. युट्यूबवर पाहून शिकलो. ब्रिटनमधल्या एका कंपनीचा बॉक्स मागवला तर तो कस्टम्समध्ये अडकला, आधी म्हणाले खेळण्यावर बीआयएस मार्क, म्हंजे दर्जाचा सरकारी शिक्का, नाही, मग शुल्काचा आकडा सांगितला तो बॉक्सच्या किमतीच्या जवळ जाणारा. डोकंच फिरलं. सरकारले माणसाच्या छंदात कायले नाक खुपसायचं? सरकारने कशात पडूच नये. आमच्या पेंटिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी हे लिहिलं तर एक म्हणाला देशासाठी एवढं सोस, दोन गट पडले, शिव्या झाल्या, आता तिथे कोणी फिगरचा फोटोही टाकत नाही. मीही ब्रश हातात घेतला की तेच भांडण डोक्यात चालू होतं. बाबा म्हणतात कापसाले भाव नाही अन् हा बाहुल्या रंगवत बसला. तान्ह्या पोळ्याला छोटे नंदी करून विकायचा विचार आहे, रेझिन प्रिंटर, म्हंजे पातळ रेझिनपासून थर देत वस्तू बनवणारं मशीन, घेऊ का? एक ब्रशवाला मुंगसाच्या केसाचा ब्रश स्वस्तात देतो म्हणतो, घेऊ का? छंदात राजकारण आणावं का? अन् मे महिन्यात रंग पॅलेटवरच वाळून जातो त्याचं काय करू?"

भाऊ, सुरुवात कस्टम्सपासून नाही करत, तुझ्या बाबांपासून करतो. २०२५च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं होतं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले अन् मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं, म्हंजे नेमकी आपली पराटी फुटून वेचणी चालू व्हायची तेव्हाच बाहेरच्या कापसाला दार उघडं. त्या हंगामाला मध्यम धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७७१० अन् लांब धाग्याचा ८११० जाहीर झालेला, पण खेड्यातल्या खेडा-खरेदीवाल्याकडे तो भाव कोण देतो, अन् सीसीआयच्या, म्हंजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर न्यावं तर ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत. तेव्हा तुझे बाबा पारावर बसून काय बोलत असतील ते मी इथे बसून सांगू शकतो, की शुल्क काहून काढलं, बाहेरचा माल काहून येऊ दिला. आता बघ, तुझ्या एकाच घरात दोन माणसं आयात शुल्कावरून सरकारवर चिडलेली आहेत. बापाला शुल्क पाहिजे, पोराला नको. अन् दोघंही आपापल्या जागी खरे आहेत, हे मी मनापासून म्हणतो, समजूत घालायला म्हणून नाही.

म्हणून "सरकारने कशात पडूच नये" हे वाक्य तुझ्या पत्रात आहे ते मला पटलं नाही. ते वाक्य तू जेवायच्या ताटावर बाबांसमोर बोलून पाहा. आणि उलट, ग्रुपवरचा जो तुला म्हणाला की देशासाठी एवढं सोस, त्याचंही पटलं नाही, कारण देशात जी वस्तू बनतच नाही तिच्यावर शुल्क लावून कोणत्या कारागिराचं घर चालतं ते त्याने सांगितलं पाहिजे. शुल्क लावणं चांगलं का वाईट असा प्रश्नच नसतो. कोणत्या मालावर, कोणाला वाचवायला, अन् मध्ये चेंगरतं कोण, हे प्रत्येक नियमाला वेगळं विचारावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, ग्रुपवर ते कोणाला करायचं नसतं.

आपल्या इकडच्या माणसाला तर हे शिकवायची गरजच नाही. तुझ्या आजोबांना एकाधिकार खरेदी विचार. १९७२पासून महाराष्ट्रात कापूस फक्त सरकारच घेणार असा कायदा होता, हेतू चांगलाच होता, व्यापाऱ्याच्या तावडीतून कास्तकार सुटावा म्हणून, अन् काही वर्षं लोकांना त्याचा फायदाही झाला. पण चुकारा महिनोन्महिने अडकायला लागला, ग्रेडरच्या हाती भाव गेला, अन् पलीकडे आंध्रात नाहीतर मध्य प्रदेशात चार पैसे जास्त मिळतात म्हणून स्वतःच्या वावरातला कापूस माणसं चोरून सीमेपार न्यायला लागली. स्वतःचाच माल अन् चोरून! शरद जोशींच्या शेतकरी संघटनेला इथे एवढी माणसं मिळाली ती काय उगाच नाही मिळाली. २०१९च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला मंजुरी नसलेलं एचटीबीटी, म्हंजे तणनाशक सोसणाऱ्या कापसाचं, बियाणं लोकांनी जाहीर सांगून पेरलं. ते बरोबर होतं का चूक यावर माझं अन् माझ्या भावाचं आजही जमत नाही, पण एक गोष्ट मला त्यात आवडते की नाव-गाव सांगून केलं, तोंड लपवून नाही.

आता तुझा बॉक्स. खेळण्यांवरचं शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० केलं अन् २०२३च्या बजेटमध्ये ७०. त्यावर जीएसटी. तुझा बॉक्स त्या दराखाली धरला असेल तर तू म्हणतो तो आकडा म्हणून तेवढा येतो, कोणी तुला वैयक्तिक लुटलेलं नाही. अन् खेळण्यांचा क्वालिटी कंट्रोल ऑर्डर निघाला २०२०मध्ये, लागू झाला १ जानेवारी २०२१पासून. त्याच्यामागचं कारण फालतू नव्हतं हेही समजून घे. २०१९मध्ये क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने दिल्लीकडच्या बाजारातली बाहेरून आलेली खेळणी तपासली तर तीनातली जवळपास दोन नापास, कुठे टोकदार कडा, कुठे शिसं, कुठे भलतीच केमिकलं. अन् लहान पोट्टे खेळणं आधी तोंडात घालतात. तो नियम त्यांच्यासाठी आहे अन् तो असलाच पाहिजे.

पण त्याच नियमात खेळणं म्हंजे काय तेही लिहिलंय, १४ वर्षांखालच्या पोरांनी खेळायला केलेली वस्तू. तुझ्या बॉक्सवर किती वर्षांचा आकडा छापलाय ते पाहा. ह्या कंपन्या बहुतेक मोठ्या पोरांसाठी अन् प्रौढांसाठी म्हणूनच विकतात. आतमध्ये काय असतं, प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेले हातपाय, ते निपरने कापा, ब्लेडने घासा, ग्लूने जोडा अन् मग रंगवा. हे एका पानावर साध्या इंग्रजीत लिही, मराठी प्रतही जोड, बॉक्सचा अन् वयाच्या आकड्याचा फोटो लाव, मोठ्या माणसाचा जोडकामाचा छंद आहे, बालकांचं खेळणं नाही, म्हणून बीआयएसची हरकत काढा असं मुद्द्याने लिही. अधिकारी ऐकतीलच अशी हमी मी देत नाही, पण मुद्दा कागदावर गेलाच पाहिजे. शुल्क मात्र वेगळी गोष्ट आहे, ती गल्लत करू नको. कस्टम्सच्या यादीत खेळणी अन् स्केल मॉडेल एकाच हेडिंगखाली बसतात, ९५०३, त्यामुळे "हे खेळणं नाही" म्हणून शुल्कातून सुटशील असं नाही. ते एकतर भरावं लागेल, नाहीतर बॉक्स परत जाऊ दे.

अन् उत्तर आलं नाही तर सीपीग्राम्सवर तक्रार टाक, केंद्र सरकारचं पोर्टल आहे, नोंदणी नंबर मिळतो. माहितीचा अधिकार आहे, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर, त्यात विचार की माझा माल कोणत्या कोडखाली धरला अन् कोणत्या नियमाने अडवला. खासदाराला लिही. पोस्टकार्ड नको, सही-पत्त्यासकट पत्र लिही, की लहान पोरांच्या खेळण्यांचा नियम अन् प्रौढांच्या छंदाचं सामान वेगळं करा, प्रौढांचं सामान देशात बनेपर्यंत शुल्क कमी ठेवा. हे राजकारणच आहे भाऊ, अन् चांगलं राजकारण आहे. ग्रुपवर रात्री अकराला मोठ्या अक्षरात लिहिलं ते कोणत्याच टेबलावर पोचत नाही, फक्त तुझे रंगवणारे मित्र तुटतात.

एक शॉर्टकट तुला कोणीतरी सांगेलच, बाहेरच्या माणसाला पार्सलवर 'गिफ्ट' लिहायला सांग म्हणून. नको करू. डिसेंबर २०१९पासून बाहेरून येणाऱ्या गिफ्टची शुल्कमाफी बंद आहे, फक्त राखी अन् जीव वाचवणारं औषध सोडून, अन् खोटं लिहिलेलं सापडलं तर तुझ्या खऱ्या अर्जाचीही किंमत जाते.

मुंगसाच्या ब्रशचं ऐकून मात्र मला राग आला, तुझा नाही, विकणाऱ्याचा. बिलकुल घेऊ नको. मुंगूस १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, त्याच्या केसांचा धंदा गुन्हा आहे, विकणाऱ्याला अन् बाळगणाऱ्याला दोघांनाही भोवतो. मेंढीसारखी लोकर कातरून केस मिळत नाहीत राजा, जनावर फासात धरून मारतात तेव्हा मिळतात. तुझ्याच वावराच्या धुऱ्यावर सकाळी जोडीनं पळताना दिसतं ते मुंगूस. उंदीर अन् साप दोन्ही आटोक्यात ठेवतं ते. इथे कोणी मला म्हणलं की सरकारी नियम सगळे बोगस तर मी त्याच्याशी भांडतो, हा नियम नसता तर देशभरच्या ड्रॉइंगच्या दुकानांत आज काय विकलं गेलं असतं विचार कर. आणि तुझ्या छंदातल्या लोकांना जो ब्रश सगळ्यात भारी वाटतो, कोलिन्स्कीचा, त्याच्याही मागे हेच आहे. तो ज्या प्राण्याच्या केसांचा, सायबेरियन वीझल, तो आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साईट्स करारात परिशिष्ट तीनमध्ये आहे, अन् तिथे तो भारतानेच टाकायला लावलाय, कारण आपल्या हिमालयात तो राहतो. म्हणून कागद नीट नसले की हे ब्रश अमेरिकेतसुद्धा सीमेवर अडकलेत. तू सिंथेटिकचा शून्य नंबर अन् एक नंबर घे. टोक महिन्या-दोन महिन्यांत वाकतं, वाकू दे, तो ब्रश ड्रायब्रशला, म्हंजे कोरडा रंग वरवर घासायला, टाक अन् नवीन घे, स्वस्त आहे. डोळा काढायला ट्रिपल झिरोच लागतो हा गैरसमज आहे. मी गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतो, तिथेही बारीक ब्रशपेक्षा टोक धरून ठेवणारा अन् पोटात रंग साठवणारा ब्रश लागतो, कारण एकदम बारीक ब्रशवरचा रंग मूर्तीपर्यंत हात जाईस्तोवरच वाळतो. रंग दुधापेक्षा थोडा पातळ, ब्रश कागदावर एकदा फिरवून टोक आणायचं, श्वास सोडून थांबायचं अन् मग आधी पांढरं न भरता काळी आडवी रेघ मारायची, तिच्यावर दोन बाजूंना पांढरे ठिपके, मधली काळी जागा उरते तीच बुबुळ. २८ मिलिमीटरच्या चेहऱ्यावर बुबुळ वेगळं काढायला गेलास तर फिगर दचकल्यासारखी दिसते.

आता नंदी विकायचं. हे मला सगळ्यात आवडलं पत्रातलं. तान्हा पोळा आपलाच, नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली चालू केला असं सांगतात, पोरांनी चाकाचे लाकडी बैल सजवून ओढत न्यायचे. पण रेझिनचा नंदी नको. दोन कारणं. एक म्हणजे तो नंदी पोरं खेळणार, म्हंजे आता तो खरंच १४ वर्षांखालचं खेळणं झाला, अन् तुला बीआयएसचं लायसन लागेल, ते एकट्या माणसाला परवडणारं नाही. पण त्याच ऑर्डरमध्ये नंतर दुरुस्ती झाली, विकास आयुक्त हस्तकला यांच्याकडे नोंदलेल्या कारागिराने स्वतः बनवून विकलेल्या खेळण्याला सूट आहे. तर तुझ्या नाहीतर शेजारच्या गावात सागवानाचे नंदी करणारा सुतार शोध, त्यांचं अन् तुझं दोघांचं कारागीर ओळखपत्र काढ, पहचान कार्ड म्हणतात त्याला, त्यांनी घडवायचं अन् तू रंगवायचं, अन् विक्री त्या नोंदणीच्या नावानेच कशी होते ते तिथल्या माणसाला अर्ज करतानाच विचारून घे. बघ, ज्या सरकारवर तू चिडलास त्याच सरकारने सुताराला ही वाट ठेवलीय. ठेवली म्हणून आरती ओवाळायची गरज नाही, वापरायची.

रंग कोणता घेतोस तेही पाहून घे. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या खाली पाहिजे असा नियम १ नोव्हेंबर २०१७पासून आहे, डब्यावर तसं छापलेलं असतं. जुना हार्डवेअरच्या दुकानात पडलेला, बिनलेबलचा चमकदार पिवळा-केशरी एनॅमल पोरांच्या नंदीला लावायचा नाही. पाण्यातले ॲक्रिलिक लाव, वरून मॅट वॉर्निश.

दुसरं कारण रेझिन स्वतः. न पिकलेलं, म्हंजे अजून कडक न झालेलं, रेझिन कातडीला लागलं की काही माणसांना ॲलर्जी होते अन् ती मग जन्मभर पाठ सोडत नाही, वास बंद खोलीत कोंडतो, धुवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, ते पेट घेतं, अन् धुतलेलं पाणी मोरीत ओतायचं नसतं. तू कृषी केंद्रावर आहेस म्हणून तुला वेगळं बोलतो. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं गेली. मजूर होते, कास्तकार होते. ना मास्क, ना हातमोजे, ना त्यांना कोणी डब्यावरचा लाल त्रिकोण वाचून दाखवला. नियम होते, पुस्तकात होते. तुझ्या काउंटरवरून रोज जे डबे जातात त्यांच्याबरोबर हातमोजे अन् मास्क जातात का? तुझं राजकारण मला तिथे पाहायचंय. पुढे कधी प्रिंटर घेतलासच तर नायट्राइलचे हातमोजे अन् ऑरगॅनिक व्हेपरचा मास्क आधी घे, प्रिंटर नंतर.

ग्रुपचं सांगतो. तू विचारलंस छंदात राजकारण आणावं का. अरे, मारबत म्हंजे मिरवणुकीने काढतात तो बाईचा पुतळा, नागपूरची काळी मारबत १८८१पासून अन् पिवळी १८८५पासून निघते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्यालाच, अन् काळी मारबत कोण तर बाकाबाई, इंग्रजांना मिळाली म्हणून लोकांच्या मनातून उतरलेली भोसल्यांच्या घरातली बाई. बडगे, म्हंजे तिच्याबरोबरचे पुरुषी पुतळे, निघतात ते महागाईचे, भ्रष्टाचाराचे, त्या वर्षी ज्याने लोकांना पिडलं त्याचे. ईडा पीडा घेऊन जा गे मारबत! म्हंजे पुतळा करायचा, रंगवायचा, अन् त्यातून सरकारला बोलायचं ही आपली दीडशे वर्षांच्या जवळची रीत आहे. तेव्हा छंद वेगळा अन् राजकारण वेगळं असं मी तुला सांगणार नाही. तू सांगतोस त्या ग्रुपवर जे झालं ते राजकारण नव्हतं, नुसती शिवीगाळ होती. बडग्याच्या गळ्यात पाटी असते, तिच्यावर नेमकं लिहिलेलं असतं कशाबद्दल तक्रार आहे. तूही एक २८ मिलिमीटरचा बडग्या कर, ग्रीनस्टफ, म्हंजे आकार द्यायची पुट्टी, नाहीतर एम-सील वापर, गळ्यात पाटी लाव, पाटीवर '९५०३' लिही, अन् फोटोखाली तीन ओळींत सांग की लहान पोरांचा नियम प्रौढांच्या छंदाला लागू नको. कोणाचा चेहरा, कोणाची जात, कोणाचा पक्ष त्यात आणू नको. माणसाचा चेहरा दिसला की लोक नियम विसरतात अन् चेहऱ्यावरून भांडतात. अन् ज्याने तुला शिवी दिली त्याला फोन कर, मेसेज नको. त्याच्या फिगरवरच्या वॉशबद्दल, म्हंजे चुण्यांत उतरवतात त्या पातळ रंगाबद्दल, काहीतरी विचार.

ब्रश हातात घेतला की भांडण डोक्यात चालतं म्हणतोस, त्यावर माझ्याकडे एकच साधा उपाय आहे, फोन दुसऱ्या खोलीत ठेव अन् चेहरा नाही, कपडे रंगवायला घे. चेहऱ्याला शांत हात लागतो, झग्याच्या चुण्यांना नुसता वेळ लागतो, बेस, मग खोलात पातळ गडद वॉश, मग उंच भागावर थोडा उजळ रंग, परत थोडा उजळ. एवढ्या लक्ष देण्याच्या कामात दुसरं काही मावत नाही.

बाबांना एकदा टेबलाजवळ बसव. त्यांना हॉबी वगैरे समजावू नको. पोळ्याला ते बैलाची शिंगं कशी रंगवतात, हिंगूळ कसा लावतात, ते विचार, अन् पहिला नंदी त्यांच्या हातून रंगवून घे. अन् कापसाच्या शुल्काचं पत्र खासदाराला त्यांच्या नावाने तूच लिहून दे, एका पाकिटात दोन पत्रं जातील, एकात शुल्क ठेवा, दुसऱ्यात कमी करा. खासदाराच्या ऑफिसात कोणी विचारलं तर दोन्ही का बरोबर आहेत ते तुला आता सांगता येईल.

राहिला मे महिना. ४५-४६ डिग्रीत पॅलेटवर रंग थांबत नाही, त्याला वेट पॅलेट कर. झाकणाचा चपटा डबा, तळाला भिजवलेला पातळ स्पंज, वर बेकिंगचा पार्चमेंट पेपर, बटर पेपर चालतो पण मेणाचा नको, त्याच्यातून पाणी वर येत नाही. रंग त्या कागदावर काढ, रात्री झाकण लाव, दुसऱ्या दिवशीही ओला राहतो. कूलरसमोर बसू नको, वाऱ्याने ब्रशवरचा रंग आधी वाळतो. स्प्रे प्रायमर कुरिअरवाले विमानाने नेत नाहीत, पेट घेणारा माल म्हणून, त्यामुळे ऑनलाइन वाट पाहत बसू नको, नागपूर-अमरावतीला गेलास की घेऊन ये, अन् उन्हाळ्यात पहाटे मार, दुपारी मारलास तर हवेतच वाळून फिगरवर वाळूसारखा खरखरीत बसतो. अन् जुलै-ऑगस्टच्या झडीत तर मारूच नको, पांढुरका थर येतो, तेव्हा ब्रशने लावायचा प्रायमर वापर, दोन पातळ हात, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा.